देवबागचे पाटी नसलेले घर: तिसऱ्या मुक्कामानंतरचा अभिप्राय

मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागकडे निघाले की जमीन हळूहळू अरुंद होत जाते. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला कर्ली नदी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, चिऱ्याच्या भिंतींची घरे, वाळत घातलेली जाळी आणि अलीकडे जागोजागी लागलेल्या ‘खोल्या मिळतील’ अशा पाट्या. ज्या घराविषयी मी लिहिते आहे, त्याला पाटी नाही. ते संगमाच्या अलीकडे, नदीच्या बाजूला आहे. मूळ घराला लागून बांधलेल्या तीन खोल्या पाहुण्यांना दिल्या जातात, आणि न्याहारी, दुपारचे व रात्रीचे जेवण घरातच रांधले जाते. घरमालकांचे आडनाव मी मुद्दामच देत नाही, कारण तीन खोल्यांना पुरेल एवढे गिऱ्हाईक आहे, आणखी नको, असे त्यांनीच मला सांगितले आहे. त्यामुळे हा अभिप्राय जाहिरातीच्या उपयोगाचा नाही. या किनाऱ्यावर अशी अनेक घरे आहेत आणि त्यांपैकी एखादे निवडताना काय पाहावे, एवढ्यापुरता तो कोणाच्या उपयोगी पडला तर पुरे.

या घरी आम्ही पहिल्यांदा डिसेंबर २०१८ मध्ये उतरलो, दुसऱ्यांदा फेब्रुवारी २०२२ मध्ये, आणि आता गेल्या हिवाळ्यात पाच रात्रींसाठी तिसऱ्यांदा. मधल्या काळात याच किनाऱ्यावरच्या एका मोठ्या विश्रामस्थळात आम्ही तीन रात्री काढल्या होत्या. तिथे तक्रारीला जागा नव्हती: खोली प्रशस्त, पोहण्याचा तलाव स्वच्छ, नोकरवर्ग अदबशीर. निघताना समोर आलेल्या अभिप्रायपत्रावर मी पाचांपैकी पाच गुण दिले आणि ते मनापासून दिले. तिथे परत जाण्याचा विचार मात्र त्यानंतर एकदाही मनात आला नाही. देवबागच्या घराला प्रामाणिकपणे गुण द्यायचे झाले तर पहिल्या वेळी मी साडेतीनच दिले असते, आणि तिथे आम्ही तीनदा गेलो. बत्तीस वर्षे महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवल्यामुळे ही विसंगती मला स्वस्थ बसू देईना, म्हणून या वेळी मी खोलीपेक्षा स्वतःकडेच जरा जास्त लक्ष ठेवले.

आधी व्यवहाराचे सांगते. वातानुकूलित खोलीला रात्रीचे अडीच हजार रुपये, साध्या खोलीला सतराशे. बांगड्याचे ताट अडीचशेला, सुरमईचे चारशेला, आणि न्याहारी खोलीच्या भाड्यातच. चादरी धुतलेल्या असतात, गाद्या मात्र कडक आहेत. संध्याकाळी सहा ते आठ नदीच्या बाजूने डास येतात आणि जाळीचे दार कोणीतरी उघडे टाकले की रात्रभर सोबत करतात. न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ आपल्या मर्जीने चालतो. फोनला रेंज अंगणात, म्हणजे तिथल्या बोलीत खळ्यात, उत्तम, खोलीत नाही.

जेवणाविषयी मात्र थोडे थांबून लिहावे लागेल. घरातले दादा पहाटे मालवणच्या बंदरावर लिलावाला जातात आणि जे चांगले मिळेल ते आणतात. त्यामुळे ‘आज काय?’ या प्रश्नाचे उत्तर सकाळी आठपर्यंत घरात कोणालाच ठाऊक नसते. बांगडा असेल तर त्याचे तिरफळ घातलेले तिखले होते, नदीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिळाल्या तर सुके, आणि मोरी, म्हणजे लहान शार्क, आली तर भरपूर वाटपाचे मटणासारखे जाड कालवण. सोमवारी या घरात मासे शिजत नाहीत. शहरातून केवळ माशांसाठी आलेले पाहुणे त्या दिवशी हिरमुसतात. पण काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि आंबोळ्या यांचे ते जेवण माझ्या मते आठवड्यातले सर्वांत सरस जेवण असते. सोलकढी आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, नसून भिजवलेल्या कोकमांची असते, म्हणून तिचा रंग फिका आणि चव मवाळ. न्याहारीला कधी घावणे, कधी उकड्या तांदळाची पेज, आणि मुक्कामात एकदा शिरवाळे. तांदळाच्या उकडीचे गोळे लाकडी साच्यातून दाबायला दोन माणसे लागतात, म्हणून ते रोज होत नाहीत. नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची घालून केलेल्या रसात ते बुडवून खायचे असतात. पहिल्या मुक्कामात तो रस मला फार गोड लागला होता आणि मी वाटी अर्धी ठेवली होती. या खेपेला घरातल्या काकींनी वाटी पुढे ठेवताना म्हटले, “तुमका कमी गोड लागता, म्हायत आसा माका.” मधल्या मुक्कामात शिरवाळे झालेच नव्हते, म्हणजे ही आठवण तब्बल सहा वर्षांहून जुनी होती.

ग्राहकाच्या समाधानाचे जे प्रतिमान अभ्यासक सर्वांत जास्त वापरतात, ते रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये मांडले. त्याचा गाभा असा की समाधान हे वस्तूच्या गुणांवर थेट ठरत नाही. मनात धरलेली अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यांच्यातल्या अंतरावर ते ठरते. अपेक्षेहून अधिक मिळाले की माणूस खूश होतो, कमी मिळाले की खट्टू. मोठ्या विश्रामस्थळात मला जे अपेक्षित होते तेच मिळाले, म्हणून मी समाधानी होते. पण समाधान हे मागच्या मुक्कामाचे चुकते झालेले बिल आहे. पुन्हा येण्याची इच्छा पुढच्या कशाची तरी वाट पाहत असते, आणि त्या वाट पाहण्याचा हिशेब चुकत्या बिलात निघत नाही.

याचा पुरावा मला पहिल्याच मुक्कामात मिळाला होता, पण तेव्हा तो पुरावा आहे हे कळले नव्हते. दुसऱ्या रात्री विहिरीवरच्या पंपाची मोटार जळली. सकाळी नळाला थेंब नाही आणि तिन्ही खोल्या भरलेल्या. दादांनी रहाटाने पाणी शेंदले, काकींनी मागच्या न्हाणीतल्या चुलीवर हंडा चढवला, आणि सात माणसांच्या अंघोळी त्या पाण्यावर झाल्या. त्यातल्या चौघांना चुलीच्या धुराचा वास लागलेले ते पाणी इतके आवडले की मोटार दुरुस्त झाल्यावरही त्यांनी हंड्याचेच पाणी मागितले. सेवेत झालेली चूक नीट निस्तरली तर ग्राहक चूक न झालेल्या ग्राहकाहूनही अधिक खूश होतो, या निरीक्षणाला सेवाक्षेत्राच्या अभ्यासात विरोधाभास म्हणूनच ओळखतात. पण अशा अनेक अभ्यासांचे निष्कर्ष २००७ मध्ये एकत्र तपासले गेले तेव्हा असे दिसले की हा परिणाम समाधानावर होतो, पुन्हा खरेदी करण्याच्या इच्छेवर तसा होत नाही. मला हे पटते. त्या सातांपैकी आमच्याखेरीज कोणीही परत आले नाही असे दादा सांगतात, आणि हंड्याच्या पाण्याचे कौतुक करण्यात ती सर्व मंडळी माझ्यापेक्षा पुढे होती.

मग आम्हीच का आलो? एक कारण निरोपाचे आहे. डॅनिएल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग मी वर्गात दर वर्षी सांगत असे. लोकांना एकदा १४ अंश सेल्सियसच्या पाण्यात एक मिनिट हात बुडवून ठेवायला सांगितले. दुसऱ्या वेळी तेच एक मिनिट, आणि वर आणखी अर्धा मिनिट, ज्यात पाणी किंचित, अंशाभराने, ऊबदार केले जाई. यांपैकी कोणता अनुभव पुन्हा घ्याल असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबचा, म्हणजे एकूण जास्त त्रासाचा, निवडला, कारण त्याचा शेवट बरा होता. विद्यार्थी हसत, ‘पुन्हा घ्याल का’ हाच पर्यटनाचा प्रश्न आहे हे तेव्हा माझ्याही ध्यानात आले नव्हते. बहुतेक हॉटेलांत मुक्कामाचा शेवट म्हणजे हिशेबाची खिडकी, जास्तीच्या पाण्याच्या बाटलीवरून झालेली चौकशी आणि खोली वेळेत रिकामी करण्याची आठवण. या घरात पैशांचा व्यवहार आदल्या रात्रीच उरकतात. सकाळी काकी देवासमोर पाट मांडतात, माझी ओटी भरतात, आणि वानवळा म्हणून कुळथाचे पीठ, कोकमे व एक असोला नारळ पिशवीत घालतात. माहेराहून निघणाऱ्या लेकीची जी पाठवणी असते तिचाच हा आकार आहे, आणि त्यामुळे परतीचे येणे त्यात गृहीतच धरलेले असते. लेक परत येणार की नाही असे कोणी विचारत नाही, फक्त कधी ते विचारतात. “परत कधी येतलास?” असे काकींनी पहिल्या वेळीही विचारले होते, आणि आम्ही वर्षभरात म्हणून सांगितले होते. तीन वर्षे लागली.

दुसरे कारण सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण त्यात घराचे कर्तृत्व काहीच नाही. पहिल्या मुक्कामात नातवाला ताप आला आणि सिंधुदुर्ग किल्ला राहून गेला. महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी केली, तो किल्ला मालवणच्या धक्क्यावरून होडीने अगदी थोड्या वेळात गाठता येतो. आम्ही चार दिवस तो किनाऱ्यावरून पाहिला आणि परत आलो. अर्धवट राहिलेले काम माणूस संधी मिळताच, कोणी न सांगताही, पुन्हा हाती घेतो, असे मारिया ओव्हसियान्किना यांनी १९२८ मध्ये प्रयोगांतून दाखवले होते. २०२२ मध्ये आम्ही पहिल्याच सकाळी किल्ल्यात गेलो, शिवराजेश्वराचे दर्शन घेतले, भोवती खारे पाणी असताना गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी पाहिल्या, चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा पाहिला. त्या अर्थाने काम पुरे झाले. बरोबर माझी बहीण होती, आणि खरे तर तिला हे सारे दाखवण्याची हौस हेच त्या खेपेचे निम्मे कारण होते. गिटेलसन आणि क्रॉम्प्टन या अभ्यासकांनी १९८४ मध्ये परत येणाऱ्या पर्यटकांची जी पाच कारणे नोंदवली, त्यांत आपल्याला आवडलेली जागा दुसऱ्याला दाखवणे हे एक आहे. मागे राहून गेलेले पाहणे हे दुसरे. आणि नव्या ठिकाणी फसगत होण्याचा धोका टाळणे, आपल्यासारखीच माणसे भेटतील ही खात्री व जागेविषयीचा जिव्हाळा ही बाकीची तीन.

याउलट देवबाग-तारकर्लीच्या किनाऱ्यावर आज जे मोठ्या आवाजात विकले जाते, ते सगळे नावीन्य आहे. पॅरासेलिंग, जेट स्की, केळ्याच्या आकाराची बोट, संगमाजवळचा वाळूचा पट्टा, आणि समुद्रतळाशी काढलेली छायाचित्रे. मी त्यांच्या विरोधात नाही. कितीतरी घरांच्या चुली त्यावर पेटतात. पण नावीन्य एकदाच विकता येते. नातू पहिल्या वेळी सात वर्षांचा होता, आता तो दहावीच्या उंबरठ्यावर आहे. या वेळी त्याने स्कूबा केले. एका होडीत फार माणसे कोंबली होती, सूचना घाईत उरकल्या गेल्या, पाणी गढूळ होते, पण तो आनंदात होता. परत येताना त्याने जाहीर केले की आता इथले सगळे झाले, पुढच्या वर्षी दुसरीकडे जाऊ. स्टॅन्ली प्लॉग यांनी १९७४ मध्ये प्रवाशांची जी वर्गवारी केली, तिच्या एका टोकाला नव्याच्या शोधात निघणारे आहेत आणि दुसऱ्या टोकाला ओळखीचे सोडायला तयार नसलेले. आमच्या घरात ही दोन्ही टोके एकाच रिक्षात बसून प्रवास करतात. पोराचे म्हणणे चूक नाही. जो पर्यटक फक्त खेळांसाठी येतो, त्याला परत येण्याचे कारण या किनाऱ्याने दिलेलेच नाही, आणि मग दर हंगामाला नवा खेळ आणावा लागतो.

२०२२ च्या मुक्कामाविषयी एक गोष्ट राहिली. आदल्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेले होते. घराच्या पडवीची कौले उडाली होती आणि त्या जागी निळे पत्रे आले होते. नदीकडच्या कडेचे पाच माड नव्हते. त्यांपैकी एकाला नातवासाठी झोपाळा बांधलेला मला आठवत होता. ते पत्रे पाहून मला जे वाटले, ते ग्राहकाला वाटण्यासारखे नव्हते. पर्यावरण-मानसशास्त्रात जागेविषयीच्या जिव्हाळ्याचे दोन धागे वेगळे करतात: ती जागा आपल्या कोणत्या कामाला येते हा एक, आणि ती आपल्या ‘मी कोण’ या उत्तरात कितपत शिरली आहे हा दुसरा. किनारा, मासे, शांतता हे पहिल्या धाग्यात येते आणि ते वेंगुर्ल्याला, आचऱ्याला किंवा गुहागरलाही मिळते. दुसरा धागा असाच, एखाद्या पडलेल्या माडाजवळ, अचानक हाताला लागतो. कोकणात ‘येवा, कोकण आपलाच असा’ हे वाक्य आता इतक्या फलकांवर रंगवलेले दिसते की ते वाचलेही जात नाही. पण आपलेपणा म्हणजे पाहुणचार उत्तम मिळणे एवढेच नव्हे, यजमानाच्या नुकसानीचा आपल्याला थोडासा चटका बसणे हाही त्याचा भाग असावा.

अर्थात या आपलेपणाला एक बाजू अशीही आहे जी सर्वांना मानवणार नाही. तिसऱ्या मुक्कामात आम्ही पूर्णपणे पाहुणे राहिलो नव्हतो. काकींच्या सुनेच्या परीक्षेची चौकशी झाली, माझ्या गुडघ्यांवर उपाय सुचवले गेले, आणि एका दुपारी मालवणच्या बाजारात जेवायचे ठरवले तेव्हा ते सांगताना मला चक्क अपराधी वाटले. पैसे मोजून एकांत मिळतो. ओळख झाली की तो कमी होतो. ज्यांना सुट्टीत कोणी ओळखू नये असे वाटते, त्यांनी अशा घरी एकदाच जावे, किंवा सरळ मोठ्या हॉटेलात उतरावे.

ओटीवरच्या कपाटात पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही आहे. एका दुपारी मी ती सबंध वाचली. ‘पुन्हा नक्की येऊ’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पानावर आहे, आमच्या पहिल्या पानावरही. दादांना विचारले तर ते म्हणाले की ती वही ते बघतही नाहीत, कारण लिहिणारे येत नाहीत. परत कोण येणार हे त्यांना दुसऱ्याच खुणेवरून कळते: जो पाहुणा जाण्याआधी ‘पावसात इथे कसे असते?’ असे विचारतो, तो बहुधा परत येतो. इतकी वर्षे प्रश्नावल्या वाचल्यावरही मला हा प्रश्न सुचला नसता. दुसऱ्या ऋतूची चौकशी करणाऱ्याच्या मनात ही जागा आपल्या सुट्टीपलीकडेही चालू राहते, तो गेल्यावरही तिथे पाऊस पडतो, १ जूनपासून मासेमारी बंद होते, खळ्याला शेवाळ येते. जागा अशी जिवंत झाली की तिच्याकडे जाणे हे नवे ठरवणे राहत नाही.

तरी इच्छा आणि प्रत्यक्ष येणे यांत रेल्वे उभी आहे. आइसेक आयझेन यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार माणूस एखादी गोष्ट करील की नाही हे तीन गोष्टींवर ठरते: ती त्याला स्वतःला किती हवी आहे, जवळच्या माणसांचे मत काय आहे, आणि ती आपल्याला जमेल असे त्याला कितपत वाटते. पहिले आमच्याकडे आहे, दुसऱ्यात नातू विरोधी पक्षात, आणि तिसरे म्हणजे कोकणकन्येचे आरक्षण. ही गाडी रात्री ठाण्याहून पकडली की सकाळी कुडाळ. तिथून देवबाग रिक्षाने तासाभराहून थोडे अधिक. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडते, आणि गणपती, मे महिना व डिसेंबरअखेर या काळात ते उघडता उघडता भरते. गणपतीत तर जायचा विचारही करू नये; तेव्हा या घराच्या तिन्ही खोल्यांत मुंबईहून आलेले घरचेच चाकरमानी असतात.

आम्ही पावसाची चौकशी केली. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर समुद्राला नारळ अर्पण करतात आणि त्यानंतर होड्या पुन्हा जोमाने पाण्यात जातात. त्या चार दिवसांसाठी मागची, नदीकडची खोली सांगून ठेवली आहे. किल्ल्याची होडी त्या दिवसांत बहुधा बंद असेल, मासे कमी असतील, आणि गरम पाण्याच्या नळाचे काय होईल ते सांगता येत नाही. ज्यांना असे एखादे घर शोधायचे असेल त्यांनी फोन दुपारी दोन ते चार या वेळेत करू नये, त्या वेळी सगळा देवबाग झोपलेला असतो. आणि बोलताना दराच्या आधी, सोमवारी काय शिजते ते विचारावे.